शहराचं बारसं

या, सरका जवळ. मनवा, उशी अर्धी भावाला दे. केदार, पाय पांघरुणात घे बघू. आज राजाची गोष्ट नाही, राणीचीही नाही. आज एका शहराची गोष्ट. शहराची कसली गोष्ट असते, म्हणता? असते. ऐका तर.

एक होतं गाव. लांब, समुद्रापलीकडे. आफ्रिका नावाचा मोठा मुलूख आहे ना, त्याच्या पश्चिमेच्या अंगाला. इतक्या लांबची गोष्ट आजीला कशी कळली, असं विचारू नका. माणसाला जायला यायला विमान लागतं, गोष्टीला लागत नाही.

गावाचं नाव दोलाकोपे. कोपे म्हणजे आपली वाडी. लाल मातीची घरं, वर गवताची छपरं, अंगणात कोंबड्या आणि बुटक्या बुटक्या शेळ्या. त्या गावच्या बायका माठ घडवायच्या. पण कशा, माहीत आहे? त्यांच्याकडे कुंभाराचं चाकच नव्हतं. मातीचा गोळा मधे ठेवायचा आणि वाकून आपणच त्याच्याभोवती गोल गोल फिरायचं. आपल्याकडे चाक फिरतं, तिकडे बाई फिरते. माठ मात्र असा गोल, की बघत राहावं.

गावाच्या कडेला सावरीचं एक आडवंतिडवं मोठं झाड होतं आणि झाडाच्या मुळाशी झरा. पाणी असं गार, की दात शिवशिवावेत. अख्खं गाव त्याच पाण्यावर. पण त्या पाण्याचं सगळ्यांत मोठं काम वेगळंच होतं, बरं का.

त्या गावात मूल जन्मलं, की त्याला लगेच आपलं म्हणत नसत. पाहुणा म्हणत. राहील की परत जाईल, कोणी सांगावं. म्हणून त्याला घरातच ठेवायचं, नावाने हाक मारायची नाही. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं असतं, त्यांच्याकडे आठव्या दिवशी. त्या सकाळी बाळाला अंगणात आणतात, छपराच्या वळचणीखाली धरतात. मग गावातली सगळ्यांत जुनी बाई भोपळ्याच्या वाडग्यातून झऱ्याचं पाणी घेते आणि छपरावर भिरकावते. पाणी गवतावरून घरंगळतं आणि खाली बाळाच्या अंगावर पडतं. टिप, टिप. बाळ दचकतं. तेवढ्यात त्याच्या कानाशी त्याचं नाव सांगायचं. मग त्या नावाने हाक मारायची. बाळाने मान वळवून पाहिलं, की झालं. पाहुणा घरचा झाला.

आणि पाणी झऱ्याचंच हवं. दुसऱ्या पाण्याने नाव अंगाला लागत नाही, असं ती माणसं म्हणत.

आणखी एक गंमत सांगून ठेवते. त्यांच्या भाषेत आईला काय म्हणतात ठाऊक आहे? दादा. हसा, हसून घ्या. आपल्याला दादा म्हटलं की भाऊ दिसतो, त्यांना आई दिसते. जिथलं तिथं बरोबरच असतं.

तर या गावात मन्सा नावाची एक बाई राहायची. मन्सा म्हणजे तिसरी मुलगी. तिचं घर गावाच्या टोकाला, झऱ्याच्या अगदी शेजारी. तिचा नवरा एडेम छपरं शाकारायचा. गवत असं बसवायचा, की पावसाचा थेंब आत यायचा नाही. मन्सा माठ घडवायची आणि पोटात बाळ होतं तिच्या. पहिलंच. सगळं छान चाललं होतं. एकच काळजी होती, आणि ती मोठी होती.

गावाच्या पलीकडे होतं एक शहर.

शहरं काय, असतात जागच्या जागी. पण हे जागच्या जागी बसणारं शहर नव्हतं. ते रांगायचं. आज बघावं तर वारुळापर्यंत, चार दिवसांनी बघावं तर आंब्याच्या बागेपर्यंत. जे हाताला लागेल ते तोंडात घालायचं. आंब्याची बाग घातली. मुलांचं फुटबॉलचं मैदान घातलं. शेजारची एक वाडी घातली. आणि आवाज तरी किती. भोंगे, घरघर, खडखड, दिवसभर नुसता कल्ला. त्याचा हात म्हणजे एक काळा, गरम, डांबराचा वास येणारा रस्ता. तो रस्ता सारखा पुढे पुढे चाचपडत यायचा.

मन्साची थोरली बहीण एन्यो त्याच शेजारच्या वाडीत दिलेली. वाडी शहराच्या तोंडात गेली तेव्हा तिथला झराही बुजला. मग एन्योच्या मुलाचं बारसं केलं ते प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या पाण्याने. तिकडे पिण्याचं पाणी छोट्या छोट्या पिशव्यांतून विकायला असतं. पाणी स्वच्छ होतं हो, त्याचा दोष नाही. पण नाव काही लागलं नाही. कोजो, कोजो म्हणून हाक मारावी, तर पोरगा भलतीकडेच बघणार. जेवायला ये म्हणावं, तर शेजारच्या शेळ्यांच्या मागे जाणार. एन्यो रडायची. म्हणायची, माझं पोर माझ्या घरात अजून पाहुणाच आहे गं.

आता कळलं ना मन्साला कसली काळजी होती? आपल्या बाळाच्या बारशाआधी शहर झऱ्यापर्यंत पोचलं तर?

गावचा पाटील होता कोमला. पाटलाला ते तोग्बे म्हणतात, म्हणजे आजोबा. तोग्बे कोमलाने सगळ्या गावाला सावरीखाली बसवलं. तो म्हणाला, हे शहर म्हणजे राक्षस आहे. आणि राक्षस कशाला भितो? आवाजाला. काढा ढोल.

मग काय, गावातले सगळे ढोल निघाले. मोठे, लहान, काखेत धरायचे, मांडीत धरायचे. तरणे म्हातारे सगळे शहराच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि असे ढोल बडवले, की झाडावरची वटवाघळं उडून गेली. शहर क्षणभर थांबलं. त्याने कान दिला. लोक म्हणाले, भ्यायलं, भ्यायलं. आणि मग काय झालं? शहराने सगळे भोंगे एकदम वाजवले, खिडक्या थडाथडा उघडल्या मिटल्या, आणि ते धावतच पुढे आलं. लोकांना ढोल उचलून पळावं लागलं. त्या एका दिवसात शहर मक्याच्या शेतापर्यंत पोचलं.

तोग्बे कोमला म्हणाला, बरं, आवाजाला भीत नाही, तर भुकेलेला राक्षस असणार. पोट भरलं की झोपेल. करा स्वयंपाक.

मग बायकांनी चुली पेटवल्या. मका आंबवून त्याचे उकडीसारखे मऊ गोळे करतात तिकडे, ते केले. भेंडीची आमटी केली, तिखटजाळ. मासे भाजले. घमेली भरभरून शहराच्या वाटेत मांडून ठेवली. शहराने चाखलं. मग घमेली चाटूनपुसून साफ केली. मग घमेलीही तोंडात घातली. आणि आणखी मिळेल म्हणून आलं ते थेट गावाच्या धान्याच्या कणग्यांपर्यंत.

याच दिवसांत, बरं का, मन्साला मुलगी झाली. काळीभोर, गुटगुटीत. पण नाव नाही अजून, नुसती पाहुणी. सुईण होती आफी म्हातारी. गावातली सगळ्यांत जुनी बाई. तिच्या हातावर अर्धं गाव जन्मलेलं, आणि त्यात तोग्बे कोमलाही आला. एडेमने त्याच दिवशी झऱ्यावर जाऊन एक माठ भरून आणला आणि घरात कोपऱ्यात झाकून ठेवला. म्हणाला, बारशाचं पाणी आधीच भरलेलं बरं. बघा, कामाचा माणूस असा असतो.

इकडे तोग्बे कोमलाने तिसरी युक्ती काढली. तो म्हणाला, आपण लपू. गाव दिसलंच नाही, तर शहर जाईल दुसरीकडे.

मग सगळ्यांनी ताडाच्या झावळ्या तोडल्या. घरांवर घातल्या, कणग्यांवर घातल्या, अंगणातल्या चुलीसुद्धा झाकल्या. शेळ्यांची तोंडं धरून माणसं आत दबून बसली. सगळं गाव चिडीचूप. शहर आलं. थांबलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्या काळ्या रस्त्याने हळूच एक झावळी उचलली. खाली तोग्बे कोमला बसलेला, शेळी कवटाळून. आणि मुलांनो, ते शहर हसलं. भोंगे वाजवून वाजवून हसलं. झावळी परत टाकली, परत उचलली. परत टाकली, परत उचलली. मग एकेक घर करत सगळ्या झावळ्या उचलल्या. आणि त्या नादात चाचपडता चाचपडता त्याचा हात गेला झऱ्यात. खडी पडली, माती पडली, झरा गढूळ झाला आणि वाहायचा थांबला.

गाव सुन्न झालं. बायका माठ घेऊन नुसत्या उभ्या.

शेजारणी मन्साकडे आल्या. ती तर आधी दिवस भरले म्हणून आणि मग आठवडाभर बाळाला घेऊन घरातच होती, तिने काहीच पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ढोल कसे वाजवले, जेवण कसं मांडलं, झावळ्या कशा उचलल्या. मन्सा ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या तोंडावर कसंनुसं व्हायला लागलं. बायकांना वाटलं, आता ही रडणार. झरा गेला, उद्या हिच्या लेकीचं बारसं. पण मन्सा हसायला लागली. अशी हसली, की मांडीवरची पाहुणी जागी झाली.

ती म्हणाली, "अगं, खुळखुळा वाजवला तर ते धावत आलं. भरवलं तर वाटीसकट तोंडात घातलं. लपलात तर शोधून काढलं आणि हसलं. हा राक्षस आहे होय? हे बाळ आहे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

कुणी तरी म्हणालं, एवढं मोठं बाळ?

मन्सा म्हणाली, "मोठं झालंय, शहाणं नाही झालं. थांब म्हटलं तर थांबत नाही, कारण त्याला हाक कोणी मारली आहे का कधी? नाव आहे का त्याला? आमच्या कोजोसारखंच आहे ते. पाहुणाच राहिलंय बिचारं."

कोपऱ्यात आफी म्हातारी बसली होती, पाय पसरून. ती म्हणाली, "बाळ असेल, तर कुणाचं तरी असेल."

आणि मग तिने आपल्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. गोष्टीतली गोष्ट हं ही, छोटीशीच.

फार पूर्वी तिथे शहर नव्हतं. एक चिंच होती आणि चिंचेखाली बाजार भरायचा. दोलाकोपेच्या बायका माठ घेऊन जायच्या. दुसऱ्या गावच्या बायका मासे घेऊन, तिसऱ्या गावच्या कापड घेऊन. संध्याकाळी सगळं आवरून घरी परत. एकदा काय झालं, आभाळ भरून आलं. सगळ्यांची घाई उडाली. एकीची चूल तशीच पेटती राहिली. एकीचा माठ राहिला. एकीचं टोपलं राहिलं. एकीला वाटलं, दुसरी आवरेल. दुसरीला वाटलं, तिसरी आवरेल. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो बाजार घरी आलाच नाही. तिथेच राहिला. चुलीला ऊब होती, माठात पाणी होतं, टोपल्यात दाणे होते. तेवढ्यावर तो बाजार जगला, आणि वाढला, आणि वाढला, आणि त्याचं शहर झालं.

आफी म्हातारी म्हणाली, "माठ आपला होता. आपल्या बायकांनी घडवलेला, आपल्या झऱ्याच्या पाण्याने भरलेला. शहर आपलं पोर आहे. घरी आणायचं राहून गेलं तेवढं. ते काही गाव खायला येत नाही गं. ते घरी येतंय."

बघा आता. इतके दिवस सगळे त्याला राक्षस म्हणत होते.

मग मन्साने ठरवलं. उद्या लेकीचं बारसं आहे. त्याच वळचणीखाली शहराचंही बारसं करायचं.

गावात एकच गलका झाला. तोग्बे कोमला काठी आपटत आला. म्हणाला, पोरी, झरा बुजलाय. अख्ख्या गावात चांगलं पाणी म्हणजे तुझ्या घरातला एक माठ. ते तू त्या काळ्या रस्त्यावर ओतणार? बाळंतपण डोक्यात गेलं का तुझ्या? माठ घे, लेक घे, आणि नवऱ्याच्या मामाच्या गावाला जा. तिथे सुखाने बारसं कर.

रात्री जेवताना एडेमने हळूच म्हटलं, "मन्सा, पाणी पुरलं नाही तर? आपली लेक कोजोसारखी भलतीकडे बघत राहिली तर?"

मन्साचा घास हातातच राहिला. आईच ती. तिला काय कळत नव्हतं? एका बाजूला मांडीवरची लेक. दुसऱ्या बाजूला गाव, झरा, आणि पुढे जन्मणारी सगळी बाळं. शेवटी तिने विचारलं, "तू छप्पर नीट शाकारलंयस ना?"

एडेमला जरा रागच आला. म्हणाला, माझ्या छपराबद्दल तू विचारतेस?

"मग झालं तर," मन्सा म्हणाली. "छपरावर टाकलेलं पाणी एका जागी पडत नाही. सगळ्या वळचणीला ठिबकतं. जितकी बाळं खाली असतील, तितक्यांना मिळतं."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव सावरीखाली जाऊन उभं राहिलं, अंगणात यायला कोणी धजलं नाही. तोग्बे कोमला सगळ्यांच्या मागे, पण मान उंच करून बघत होता. मन्साच्या अंगणात तिघीच. मन्सा, तिच्या मांडीवर उघडी पाहुणी, आणि वाडगा घेऊन आफी म्हातारी. एडेम माठ धरून दारात.

आणि शहर आलं. घरघर, खडखड, डांबराचा वास. तो काळा रस्ता मक्याच्या शेतातून वळवळत आला, कणग्यांना घासून आला आणि सरळ मन्साच्या घराच्या दिशेने निघाला. जवळ आला. आणखी जवळ आला. लोक ओरडायला लागले, ऊठ, ऊठ. मन्सा उठली नाही. रस्ता वळचणीखाली शिरला तेव्हा तिने आपला हात पुढे केला आणि त्याच्या टोकावर ठेवला. गरम होतं हो, चटका बसला. पण ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून कोणी हात काढून घेतं का? मन्साने नाही काढला.

रस्ता थांबला. पहिल्यांदाच थांबला. त्याला असा हात कोणी लावलाच नव्हता.

आफी म्हातारीने विचारलं, "आधी कुणाचं नाव?"

मन्साने एकदा लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरात आधी थोरल्याचं होतं."

मग आफी म्हातारीने वाडगा बुडवला आणि पाणी छपरावर भिरकावलं. गवतावरून ते घरंगळलं. टिप, टिप. पण झालं काय, रस्ता तापलेला. थेंब पडला की चर्र, आणि नुसती वाफ. दुसरा थेंब चर्र, तिसरा थेंब चर्र. म्हातारीने परत वाडगा भरला, परत टाकला. चर्र, चर्र. एडेम माठ कलता करत होता, कलता करत होता, आणि माठ हलका होत चालला होता. शेवटी म्हातारीने तळाचं पाणी वाडग्यात घेतलं. एडेमने माठ उलटा करून दाखवला. आत काही नव्हतं.

म्हातारीने आधी मन्साकडे, मग एडेमकडे पाहिलं. एडेम म्हणाला, टाका, आजी.

तिने ते शेवटचं पाणी छपरावर टाकलं. टिप, टिप. आणि या वेळी चर्र झालं नाही. रस्ता गार झाला होता. पाणी त्याच्यावर पाणी म्हणूनच पडलं, आणि शहर दचकलं. बाळ दचकतं ना झोपेत, तसं. पार त्या टोकापर्यंत, समुद्राकाठच्या उंच उंच इमारतींपर्यंत. घरघर बंद. खडखड बंद.

आफी म्हातारी खाली वाकली आणि रस्त्याच्या टोकाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुझं नाव फाफा. फाफा. फाफा."

फाफा म्हणजे त्यांच्या भाषेत गारवा, शांती. नव्या माठातल्या पाण्यासारखं नाव.

पण मन्साचं लक्ष कुठे होतं? वळचणीकडे. ठिबकणं थांबलं होतं. सगळं पाणी थोरल्यानेच पिऊन टाकलं होतं. लेकीच्या अंगावर एक शिंतोडा नव्हता.

एडेम मात्र आपल्या छपराकडे बघत होता. एकटक. त्याने स्वतः बसवलेलं गवत, त्यातली काडी न् काडी त्याला ठाऊक. तो म्हणाला, "थांबा. अजून एक आहे."

आणि खरंच, एका लांब काडीच्या टोकाशी एक थेंब अडकला होता. लोंबत होता. मोठा होत होता. मन्साने लेकीला अगदी एवढंसं पुढे सरकवलं. आणि थेंब पडला. टिप. बरोबर कपाळावर.

एक थेंब. पण दचकली हो पाहुणी. आणि आफी म्हातारीने लगेच तिच्या कानात सांगितलं, सेनाम, सेनाम, सेनाम. म्हणजे, दैवाने मला दिलेली.

मग मन्साने हाक मारली, "सेनाम."

लेकीने मान वळवली आणि आईकडे पाहिलं. टकामका.

मग मन्सा उभी राहिली, शहराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "फाफा."

आणि एवढं मोठं शहर वळलं. सगळ्या खिडक्या एकदम दोलाकोपेकडे झाल्या. सगळ्या काचांवर सकाळचं ऊन चमकलं. आणि सगळे भोंगे मिळून, हळू आवाजात, बोबडं बोबडं, शहर आपला पहिला शब्द बोललं.

काय बोललं असेल?

दादा.

हं, आता नाही ना हसलात. सावरीखालच्या सगळ्या बायकांनी एकदम ओ दिली. तोग्बे कोमलानेसुद्धा दिली, चुकून. पण कोणी त्याला चिडवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिडवलं.

मग मन्साने फाफाला सांगितलं, झरा मोकळा कर. त्याने ऐकलं. पडलेली खडी, माती सगळी आपल्याच हाताने वेचून बाहेर काढली. झरा पहिल्यांदा गढूळ आला, मग नितळ आला, मग पूर्वीसारखा गार. तो काळा रस्ता मागे सरकला आणि झऱ्याला हळूच वळसा घालून पलीकडून गेला. अजून तिथे तसंच आहे म्हणे. सरळ येणारा रस्ता सावरीपाशी आला की वळतो. कुशीत घेतल्यासारखा वळतो.

एन्यो आपल्या कोजोला घेऊन आली. त्यालाही वळचणीखाली उभं केलं. चांगला मोठा झालेला, सारखा पळत होता, दोघांना धरावं लागलं. पाणी पडलं, नाव सांगितलं. कोजो, म्हणून हाक मारली, तर "काय?" म्हणाला. एन्यो हसली, रडली, परत हसली. त्यानंतर तो इतका ओ द्यायला लागला, की तीच कंटाळली.

आणि शहर? वाढायचं थांबलं का? छे, मूल वाढायचं थांबतं का कधी? पण आता ते विचारून वाढायचं. इकडे येऊ का, दादा? गावाने हो म्हटलं तर यायचं, नको म्हटलं तर दुसऱ्या अंगाने जायचं. येताना दिवे आणायचं, दवाखाना आणायचं, शाळा आणायचं. दोलाकोपेच्या बायका डोक्यावर माठ घेऊन आपल्या त्या थोरल्या लेकराकडे बाजाराला जायच्या. आणि संध्याकाळी घरी यायच्या आधी चूल विझली का, टोपलं राहिलं का, सगळं आवरलं का, ते नीट बघायच्या. तेव्हापासून त्या काहीही मागे ठेवत नाहीत.

सेनाम मोठी झाली. ती आईसारखे माठ घडवते. बापाचं छप्पर अजून गळत नाही. सगळी मजेत आहेत.

रोज संध्याकाळी अंधार पडला, की दोलाकोपेतली कोणीतरी बाई अंगणात येते आणि म्हणते, फाफा, पुरे आता. मग शहर एकेक दिवा बारीक करतं. भोंगे बंद करतं. रस्ता झऱ्याला कवेत घेऊन पडून राहतो.

झोपलं हो ते. एवढं मोठं शहर झोपलं.

मनवा. केदार.

ओ दिलीत, शहाणी माझी. आता त्या रस्त्यासारखं कुशीवर वळा, आणि डोळे मिटा.